पंचांग मी वाचत होते

माणूस म्हणजे त्याची स्मृती. स्मृती गेली की उरते ती केवळ काया. हे वाक्य मी गेल्या गुरुपौर्णिमेला एका सत्कार समारंभात ऐकलं. प्रमुख पाहुणे ते कागदावरून वाचत होते. पान उलटल्यावर पुढचा मुद्दा सापडेना, म्हणून त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा, जास्त सावकाश वाचलं. सभागृहाने दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

सत्कार माझ्या नवऱ्याचा होता. नावं मी इथे कुणाचीच घेणार नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला उखाण्यापलीकडे नाही, आणि बाकीच्यांनी मुद्दाम काही वाईट केलेलं नाही.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावरचं उपाध्येपण आहे. कोणत्या गावची कोणती घराणी आमची यजमान, हे ठरलेलं. नांदगावकडची पुष्कळ, थोडी देवळ्याची, पेठची दोन-चार. कुणी वडिलांच्या अस्थी घेऊन घाटावर आलं की वही काढायची, त्यांचे आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले ती नोंद दाखवायची आणि खाली नव्या माणसाच्या हाताने नवी नोंद करून घ्यायची. माझ्या नवऱ्याला वही उघडावी लागत नाही, अशी त्यांची ख्याती. गाव आणि आडनाव सांगितलं की चार पिढ्या तोंडपाठ. सत्कार त्या पाठांतराचा होता. वय पंचावन्न; एरवी आमच्याकडे सत्तरीच्या आत शाल मिळत नाही.

शाल झाली. मग पाहुण्यांनी श्रीफळ पुढे केलं. नवऱ्याने दोन्ही हात पसरले, पण नारळ होता तिथून वीतभर उजवीकडे. पाहुण्यांनी नारळ तिकडे नेऊन हातात ठेवला. "गुरुजी गडबडले!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे प्रेमाने हसले.

मला हसू आलं नाही. ती वीत माझ्या ओळखीची होती.

मी ती पहिल्यांदा पाहिली माघात, घरच्याच एका पूजेत. पळीने माझ्या तळहातावर पाणी सोडायचं होतं. हे काम त्यांनी आयुष्यात किती वेळा केलं असेल, ते मोजण्यात अर्थ नाही. मंत्र बरोबर, पळी बरोबर, पाणी माझ्या मांडीवर. मी वर बघितलं. ते माझ्या हाताकडेच बघत होते.

"अहो, हात इथे आहे."

"दिसतोय मला. तूच हलवलास."

हात मी हलवला नव्हता. पण त्या क्षणी वाद घालण्यापेक्षा साडी पुसणं सोपं होतं, आणि पुढचं वर्षभर मी तेच करत राहिले.

नजर बिघडली की माणूस चष्म्याच्या दुकानात जातो. आम्ही गेलो. पहिला चष्मा महिनाभर चालला, म्हणजे महिनाभर त्यांनी तो लावला. दुसऱ्यात जमीन वर येते म्हणाले. तिसरा सत्काराच्या फोटोत आहे. पाडव्याला नवं पंचांग आलं तेव्हा त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं, लांब केलं, पुन्हा जवळ घेतलं आणि माझ्याकडे दिलं. "यंदाची छपाई भिकार आहे, रकाने एकमेकांत शिरलेत. तू वाच." तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर मी तिथी, वार, नक्षत्र वाचून दाखवायची आणि ते मान हलवून घाटावर जायचे. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. दुसऱ्यासाठी वाचणं मला नवं नाही. शिवाय नवऱ्याला आपली गरज लागते आहे, याचा थोडा आनंदही झाला. हे आता लिहिताना लाज वाटते.

एक गोष्ट मात्र कुठल्याच चष्म्यात बसत नव्हती. वर्तमानपत्रातला मोठा मथळा त्यांना वाचता येत नसे, आणि त्याच पानावरचा निधनवार्तांचा बारीक मजकूर, सावकाश का होईना, वाचता येई. हे मी नेत्रतज्ज्ञांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "उलटं म्हणायचंय का तुम्हाला?" मला उलटं म्हणायचं नव्हतं. पण त्यांच्यामागे भिंतीवर अकरा प्रमाणपत्रं होती आणि माझ्याजवळ एक वर्तमानपत्र. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, असं त्यांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं. श्रावण लागायच्या आधी ऑपरेशन झालं, उत्तम झालं. चौथा चष्मा आला. नारळ वीतभर दूर तो दूरच राहिला.

श्रावणात माझ्या ग्रंथालयातल्या एका मैत्रिणीकडे सत्यनारायण होता. पूजा सांगायला हे बसले होते. मी कथेच्या वेळेला पोचले आणि प्रसादाची वाट बघत त्यांच्या मागे टेकले. समोर चौरंगावर पोथी उघडी. पाठ असलं तरी पोथी समोर हवी, ही आमच्याकडची शिस्त. सासरे म्हणायचे, पाठांतराचा माज नको. सुट्ट्या पानांची पोथी. हे कथा सांगत होते आणि ठरावीक अंतराने पान उचलून दुसऱ्या बाजूला ठेवत होते. आवाज खणखणीत. मैत्रिणीच्या सासूबाई हात जोडून डुलत होत्या.

माझं लक्ष सहज पानाच्या कडेला गेलं. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाची नजर आधी कडेच्या शीर्षकावर जाते. ती श्राद्धाची पोथी होती.

एक पान झालं, दुसरं झालं. साधुवाण्याची नौका बुडत होती आणि त्यांची बोटं पिंडदानाची पानं उलटत होती, अगदी वेळेवर. त्या खोलीत संस्कृत वाचता येणारे आम्ही दोघंच, आणि त्यातला एक वाचत नव्हता. किती दिवसांपासून वाचत नव्हता, ते मला तेव्हा कळलं. प्रसादाचा द्रोण हातात आला तो मी खाल्ला, चांगला झालाय म्हटलं, आणि घरी येऊन न्हाणीघराची कडी लावून बसले.

भीती म्हणजे काय, याविषयी मी बरंच वाचलेलं होतं. त्यातलं काहीही कामाला आलं नाही. तोंडात तांब्याच्या भांड्याची चव येते, एवढंच मी त्यात भर घालू शकते.

मग मी फोनवर वाचायला लागले. ऐन पन्नाशीत येणाऱ्या डिमेन्शियाचे प्रकार आहेत, आणि ते एकमेकांसारखे दिसतात. माझं कामच वर्गीकरणाचं. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक जागेवर असूनही हरवलेलं असतं, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. इथे कप्पे समोर होते आणि प्रत्येकाच्या तळाशी माझा नवरा दिसत होता.

एक प्रकार मेंदूच्या पुढच्या भागाचा. त्यात स्मरण बरं राहतं, पण माणूस बदलतो. भीडभाड जाते, दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटेनासं होतं, गोड खाण्याची ओढ वाढते. मला सगळ्यांत जास्त भीती याची वाटली, कारण यात माणूस घरातच राहतो आणि तरी निघून जातो. पण भिक्षुकाच्या बाबतीत गोड खाणं हे लक्षण धरायचं कसं? मी एक दिवस ताटात तीन पुरणपोळ्या वाढल्या आणि समोर बसून राहिले. त्यांनी दोन खाल्ल्या, तिसरी परत केली आणि विचारलं, "काय गं, परीक्षा घेतेस का?" मी म्हटलं, "छे." दुसऱ्याच्या दुःखाचं काही न वाटणं या लक्षणावरून मला काही दिवस माझ्या दिराचाच संशय येत होता.

दुसऱ्या प्रकारात समोर नसलेली माणसं दिसतात, एक दिवस चांगला जातो, एक वाईट, चाल आखडते. मी त्यांची चाल बघायला लागले. नवऱ्याच्या पाठीमागून चालताना त्याच्या पावलांवर नजर ठेवणं, हे लग्नानंतर सव्वीस वर्षांनी पुन्हा करावं लागलं. तिसरा प्रकार भाषेचा. शब्द सापडेनासे होतात. त्यांना ते नको इतके सापडत होते. आणि नेहमीचा, सगळ्यांना ठाऊक असलेला, विसरण्याचा. ते काही विसरत नव्हते. गेल्या वर्षी कुठल्या लग्नात कढी बिघडली होती, तेही नाही.

म्हणजे कुठल्याच कप्प्यात बसत नाहीत, म्हणजे काही झालेलं नाही, असं मी दिवसा म्हणायची. चहा ओतताना त्यांचा कप बशीच्या बाहेर ठेवला गेला की पुन्हा तांब्याची चव.

आमचे फॅमिली डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी थायरॉइड, साखर, सगळं तपासलं आणि बी-बारा कमी निघालं. "शुद्ध शाकाहारी ना? मग निघणारच! यानेसुद्धा डोकं काम करेनासं होतं. भरून काढू." इंजेक्शनं सुरू झाली. त्या तीन आठवड्यांत मी जेवढी सुखात होते तेवढी लग्नाच्या वर्षीही नव्हते. एखाद्या जीवनसत्त्वावर इतकं प्रेम करता येतं, हे मला माहीत नव्हतं. पुन्हा रक्त तपासलं तेव्हा बी-बारा भरलेलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी सदऱ्याची बाही शोधायला पाच मिनिटं घेतली. सदरा हातात होता, फिरवत होते, दोन बाह्यांपैकी एकही सापडत नव्हती.

दिराला मी सांगायचा प्रयत्न केला. तोही घाटावरच असतो, यांच्याहून चार वर्षांनी लहान.

"वहिनी, दादाला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "परवा नांदगावची पार्टी आली. सहा पिढ्या सांगितल्या त्याने. सहा! मला माझा गॅसचा नंबर आठवत नाही."

"वहीतली नोंद कुणी शोधली?"

"मी."

"लिहिलं कुणी?"

"यजमानानेच. दादा म्हणाला, तुमच्या हातचं पाहिजे. आणि तशी पद्धतच आहे ना?"

"पद्धत आहे. पण आधी तारीख आणि गाव ते स्वतः घालायचे."

"चष्मा लागत नाही म्हणाला."

"चार चष्मे झाले, भाऊजी."

"मग पाचवा करा," दीर म्हणाला. "सिंहस्थ तोंडावर आलाय. आत्ता दादाबद्दल एक शब्द बाहेर गेला ना, तर यजमान शेजारच्या उपाध्यांच्या छत्रीखाली जातील. तुम्ही वाचता फार, त्याचा त्रास आहे हा."

पाचवा चष्मा केला. दीर हे सगळं मनापासून म्हणत नव्हता, हे मला सर्वपित्री अमावास्येला कळलं. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी डबा घेऊन गेले होते. हे कुंडाकडे उतरत होते, मागे नांदगावकडचे एक म्हातारे यजमान आणि त्यांचा भाऊ. ओल्या काळ्या दगडाच्या पायरीपाशी हे अडले. पाय पुढे करत, मागे घेत. मग पायरी नव्हती तिथे त्यांनी पाऊल टाकलं. दिराने मागून उपरण्यासकट धरलं, इतक्या सरावाने की माझ्या लक्षात आलं, हे पहिल्यांदा होत नाहीये. तो रोज त्यांच्या डाव्या कोपराशी चालत होता. सगळ्यांना वाटायचं, काय भावांचं प्रेम.

"गुरुजी, लय गर्दी हाय, दमानं," म्हातारे यजमान म्हणाले. "आमचं पित्तर काय पळून जात नाय."

हे हसले. दीर हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "कधीपासून धरताय?" मी विचारलं. "होळीपासून," तो म्हणाला. मी पाडव्यापासून वाचत होते, तो होळीपासून धरत होता, आणि आम्ही दोघं एकमेकांना सांगत नव्हतो.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळायला मार्गशीर्ष उजाडला. त्या साधारण चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. भिंतीवर फक्त घड्याळ. त्यांच्या दवाखान्याच्या दारात काळ्या ग्रॅनाइटची एक पट्टी आहे. हे तिथे थांबले. "इथे खड्डा आहे."

"पट्टी आहे, अहो. रंग आहे नुसता."

"मला खड्डा दिसतोय. तू म्हणतेस म्हणून जातो." आणि मोठी ढांग टाकून गेले. डॉक्टर आतून बघत होत्या.

आधी त्यांच्या सहायक मुलीने चाचणी घेतली. ती नवीन होती, कुठल्याशा दुसऱ्या शहरातून आलेली, हातात छापील प्रश्न. आम्ही दोघं बाजूला बसलो होतो. दीर आणि मी. पहिलाच प्रश्न, आज तारीख काय?

नवऱ्याने पाठ ताठ केली. "विश्वावसुनाम संवत्सर, दक्षिणायन, हेमंत ऋतू, मार्गशीर्ष मास, कृष्ण पक्ष, पंचमी, भौमवासर."

"तारीख, काका."

"तीच सांगितली."

"इंग्रजी."

"ती बँकेत लागते. माझ्याकडे नसते."

तिने कागदावर फुली मारली. "आत्ता आपण कुठे आहोत?"

"गोदावरीच्या दक्षिण तीरावर."

दुसरी फुली. दीर खुर्चीतून उठला. "अहो ताई, बरोबर आहे ते! सगळं बरोबर आहे! रोज घाटावर संकल्पात आम्ही उत्तर तीर म्हणतो, पंचवटी नदीच्या पलीकडे आहे म्हणून. तुमचा दवाखाना अलीकडे, म्हणून त्याने दक्षिण केलं. तुम्हाला तरी माहीत होतं का तुम्ही कुठल्या तीरावर बसता?"

मुलगी घाबरली. डॉक्टर आल्या, त्यांनी कागद बघितला, मग फोनवर पंचांग काढून तिथी पडताळली. हसल्या. "पैकीच्या पैकी. फुल्या खोड." दीर माझ्याकडे विजयी मुद्रेने वळला. हे शांत बसले होते, जरा खूशच. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, आणि मला उलटं वाचता येतं: काळ आणि स्थळाचं भान, उत्तम.

ते तसंच राहू द्यायचं होतं मला. उत्तम. बाकीच्या प्रश्नांतही ते पास झाले असते, आम्ही घरी आलो असतो, आणि उद्या सकाळी मी चहाबरोबर षष्ठी वाचली असती. सत्कार करणाऱ्यांच्या मते माणूस म्हणजे त्याची स्मृती. ती तर झळझळीत होती. आणि मी बोलले असते तर त्यांच्यादेखत त्यांना उघडं पाडल्यासारखं झालं असतं. सव्वीस वर्षांत चारचौघांत मी त्यांची चूक काढलेली नाही. त्यांनी माझ्या काढल्या, तो भाग वेगळा.

"तिथी मी सांगितली," मी म्हटलं. "आज सकाळी. रोजच सांगते."

दीर म्हणाला, "वहिनी."

"पंचांग त्यांना वाचता येत नाही. पाडव्यापासून. लक्षात सगळं राहतं, एकदा सांगितलं की पुरतं. पण वाचता येत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पोथी?"

"पाठ आहे. पानं उलटतात नुसती. एकदा दुसऱ्याच विधीची उलटली."

हे कळल्यावर नवऱ्याने माझ्याकडे मान वळवली. "कुठे?"

"सत्यनारायणाला."

"कुठली होती?"

मी सांगितलं नाही. त्यांनी परत विचारलं नाही. दीर जमिनीकडे बघत म्हणाला, "मी त्याला धरतो पायऱ्यांवर. होळीपासून." मग मी मथळ्याचं आणि निधनवार्तांचं सांगितलं. मला वाटलं, या पण म्हणतील, उलटं म्हणायचंय का. त्या म्हणाल्या, "हे आधी कुणाला सांगितलं होतंत?"

पुढची चाचणी त्यांनी स्वतः घेतली. एक कार्ड दाखवलं. छोट्या छोट्या 'र' अक्षरांची रांग लावून एक मोठा, वीतभर 'ग' काढलेला होता.

"काय दिसतंय, गुरुजी?"

"र."

"आणखी?"

"आणखी र." त्यांनी कार्ड जवळ घेतलं. "पुष्कळ र आहेत. हा एक, हा एक. कुणाला इतके लागतात?"

"सगळं मिळून काही दिसतं का?"

त्यांनी कार्ड लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. "नाही," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "मिळून काही दिसत नाही."

तो 'ग' मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होता. मग डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाराही आकडे आले, पण सगळे वर्तुळाबाहेर, एका बाजूला, पंगत उठल्यावर चपला शोधणाऱ्या माणसांसारखे. एकावर एक काढलेल्या चित्रांत कात्री दिसली, तिच्यावरची किटली नाही. मग त्यांनी विचारलं, "जे समोर नसतं असं कुणी दिसतं का? माणसं, प्राणी?"

"पितर येतात असं आम्ही यजमानांना सांगतो," नवरा म्हणाला. "दिसलं अजून कुणी नाही."

फॅमिली डॉक्टरांनी मध्यंतरी काढायला लावलेला जुना एमआरआय दीर पिशवीत घेऊन आला होता. त्याच्या अहवालात वयानुरूप असं लिहिलेलं. डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि चित्रं स्वतः बघितली, मागच्या भागावर बोट थांबवलं. आणखी एक स्कॅन झाला. आठ दिवसांनी त्यांनी सांगितलं ते असं. डोळे चांगले आहेत. डोळ्यांनी जे आणलं ते जोडून त्याचं चित्र करणारा मेंदूचा मागचा भाग आकसतो आहे. तुकडे दिसतात, जोड दिसत नाही. म्हणून बारीक अक्षर नजरेत मावतं आणि मोठा मथळा मावत नाही. बहुतेक वेळा रोग तोच, विसरण्याचा, सगळ्यांना ठाऊक असलेला. फक्त तो मागच्या दाराने येतो, पन्नाशी-साठीत येतो, आणि पहिलं वर्ष-दोन वर्षं चष्म्याच्या दुकानात जातात.

"म्हणजे पुढच्या भागाचा नाही?" मी विचारलं. "माणूस बदलतो तो?"

"नाही. ते तेच राहतील, बराच काळ."

मी इतकी सैल पडले की मला रडू आलं. एका असाध्य रोगाच्या नावावर समाधान मानणारी मी त्या दिवशीची एकटीच असेन. मग मी दुसरा प्रश्न विचारला, जो विचारायचा नव्हता. "आणि पाठांतर?"

डॉक्टर नवऱ्याकडे बघून बोलल्या, माझ्याकडे नाही. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "तेही जाईल, गुरुजी. उशिरा. किती उशिरा, ते मला सांगता येत नाही. गोळी देते; तिने थोडी मदत होते, बरं होत नाही."

नवऱ्याने विचार केला. "डोळे चांगले आहेत म्हणालात."

"हो."

"मग मोतीबिंदू कशाला काढला?"

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होत्या. त्या लिहीतच राहिल्या.

आता दुपारी दीर वह्या घेऊन आमच्याकडे बसतो. हे डोळे मिटून गाव, घराणं, कोण कुणाचा, असं सांगत जातात. दीर वहीत नोंद शोधतो, जिथे शाई उडालीय तिथे भरून काढतो, आणि फोनवर आवाजही धरून ठेवतो. घाटावर जाणं थांबलं आहे. दाराशी असलेलं काळं पायपुसणं मी काढून टाकलं, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावली, ताटाखाली पांढरा रुमाल घालते. एवढ्याने चालतं. मला भीती वाटते ती सकाळी. पंचांग वाचून झालं की मी चहा संपेपर्यंत थांबते आणि सहज विचारते, "आज काय म्हणालात तिथी?" ते सांगतात. मी कप उचलते. एखाद्या दिवशी ते सांगणार नाहीत. तो दिवस कुठल्या पंचांगात दिलेला नाही, आणि मी रोज तो बघून येते.

परवा त्यांनी भिंतीवरच्या सत्काराच्या मानपत्राकडे बोट केलं. साधारण त्या दिशेला. "त्यात काय लिहिलंय, ते कुणी मला वाचून दाखवलंच नाही."

मी ते खाली काढलं, काच पुसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. स्मृतीवरच्या त्या वाक्यासकट, तेही त्यात होतंच. ते लक्ष देऊन ऐकत होते. माझ्या डोळ्यांवर त्यांचा चौथा चष्मा होता. मला तो बरोबर लागतो.